दुखवट्याची पाळी

विलास,

तुझ्या तेराव्याचा दुसरा दिवस, मंगळवार. 'पाणीपाळी'च्या खात्यात शिल्लक सहा हजार आठशे चाळीस रुपये. बैठक तुझ्या घरी, पडवीत. हजर: मी, जळगाव जामोदहून सकाळच्या बसने आलेला वसीम, आणि पुण्याहून फोनवर प्रणिता. शोभावहिनी दाराच्या आत बसल्या होत्या. त्या नंतर बोलल्या, म्हणून त्यांनाही हजर धरलं आहे. गैरहजर: तू.

बैठकीचा वृत्तांत मी असाच लिहायचो आणि तू तो वाचून म्हणायचास, "बाळू, हे बैठक हाय का पंचनामा?" या वेळी तसं म्हणणारं कुणी नव्हतं. वसीमने वाचला, मान हलवली आणि सही केली. मला ते बरं वाटलं नाही.

विषय दोन होते. पहिला, सर्व्हरचं वर्षाचं भाडं. ते खात्यातून भरायचं ठरलं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. दुसरा विषय तुला माहीत आहे. आठ महिने तो तुझ्यापुढे पडून होता आणि त्याखाली तू दोनच शब्द लिहिले होतेस: "विचार करतोय."

हा लेख मी आपल्या प्रकल्पाच्या पानावर ठेवणार आहे. तिथे येणाऱ्या नव्या माणसालाही सगळं समजायला हवं, म्हणून तुला माहीत असलेलंच थोडं पुन्हा सांगतो. तू कंटाळशील. कंटाळ.

आपली विहीर तुझ्या आणि माझ्या वडिलांनी मिळून बांधावर खोदली. आठ आणे तुझी, आठ आणे माझी. मोटर एक, वावरं दोन, आणि लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. माझ्या पाळीत लाईट गेली तर तो वाया गेलेला वेळ कुणाचा, हे मी दर आठवड्याला कागदावर मांडायचो आणि तुझ्या हातात द्यायचो. तू न वाचता खिशात घालायचास. "घे ना बे तुले पाह्यजे तेवढं पाणी," म्हणायचास. पण तसं घेता येत नाही. हिशोबाबाहेरच्या पाण्याने मला झोप लागत नाही, हे तुला शाळेपासून माहीत होतं. मेहकरला तुझे संगणकाचे वर्ग होते. एका उन्हाळ्यात मुलं कमी आली, आणि रिकाम्या वर्गात बसून तू माझ्या कटकटीवर औषध म्हणून एक छोटासा प्रोग्रॅम लिहिलास, हीच आपली 'पाणीपाळी'. मोटर चालू झाली की फोनवर बोट लावायचं, बंद झाली की लावायचं. लाईट गेली की तेवढे तास आपोआप पुढच्या पाळीत जमा. दोघांच्या फोनवर एकच आकडा.

तो तू सगळ्यांसाठी उघडा ठेवलास. कुणीही बघावा, कुणीही न्यावा, हवा तसा बदलावा, पैसे नाहीत. मी विचारलं होतं की एवढी मेहनत फुकट का देतोस. तू म्हणालास, "उपसलं नाही तं विहिरीचं पाणी सडते." मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटलं. मग वसीमचा फोन आला. त्याचं जळगाव जामोदला मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आणि दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक भागीदाराच्या नावाने बोटं मोडत येणारं. त्याने तुला सांगितलं की लाईट आल्यावर मोटर लगेच पाणी ओढत नाही, खोल विहिरीत तर बराच वेळ जातो, आणि तुझा प्रोग्रॅम तो वेळही पाण्यात धरतो. तू त्याला 'दुरुस्त करतो' म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "या मंग तुमीच. करू दोघं मिळून." तो सहा तासांचा प्रवास करून आला.

प्रणिता देऊळगाव राजाची. पुण्यात नोकरी, पण वडिलांची विहीर चुलत्यांसोबत वाटलेली. तिने पहिल्याच महिन्यात मोठी सुधारणा पाठवली: आण्यांच्या जागी टक्के. आजकाल आणे कोण वापरतं, असं तिचं म्हणणं, आणि तिच्या वयाला ते बरोबरच होतं. पण सातबाऱ्यावर विहिरीचा हिस्सा आण्यांत असतो आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यातही तोच. शिवाय मी कागदावर मांडून दाखवलं. तीन भावांत शंभर टक्के वाटले की शेवटी काहीतरी उरतं, आणि ते उरलेलं कुणाला द्यायचं यावर डोकी फुटतात. तेच सोळा आणे तिघांत वाटले की प्रत्येकाला पाच आणे चार पै, आणि खाली शून्य. प्रणिताने तिथेच गणित करून बघितलं. मग फोनवर हसली. "काका, तुम्हाला कोड येत नाही ते बरंय," म्हणाली. तिने आपलंच काम परत घेतलं आणि आणे पहिल्यापेक्षा नीट बसवले. त्या दिवशी तू मला चहा पाजलास. पैसे मात्र मीच दिले.

जालन्याकडच्या कुणीतरी सगळा प्रोग्रॅम उचलून नाव बदलून वेगळा सुरू केला, तेव्हा मला राग आला होता. तुला नाही. "भाऊ वेगळा निघाला म्हणून काय आडनाव बदलते का?" आणि वर्षभराने त्यानेच आपल्या चुलीवर शिजवलेली एक चांगली दुरुस्ती आपल्याकडे पाठवली. ती तू मान्य केलीस आणि त्याचं नाव माझ्या नावाच्या वर घातलंस.

आपले नियम तीनच. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत घ्यायचं नाही. मदतीच्या फोनची पाळी प्रत्येकाकडे एकेक आठवडा, त्यात कुणी मोठा-लहान नाही. तिसरा नियम तुझ्या डोक्यातून निघालेला: कुठलाही बदल आधी भांडणाच्या विहिरीवर लावून बघायचा. भागीदार गोडीत असतील तर चुकीचा हिशोबही चालून जातो, असं तू म्हणायचास. आपली ठरलेली विहीर खालच्या शिवारातली, नामदेव आणि काशीराम या सख्ख्या भावांची. बांधावरच्या एका बाभळीवरून त्यांचं बोलणं बंद झालेलं. बदल लावायचा, महिनाभर चालू द्यायचा, मग दोघांकडे वेगवेगळं जायचं. दोघंही सारखेच कुरकुरले तर हिशोब बरोबर. एकच खूश असला तर परत कामाला लागायचं. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की लोक हसायचे. पण इतक्या वर्षांत त्या दोघांच्या कुरकुरीने आपल्याला एकदाही फसवलं नाही.

एकदा फसवलं प्रोग्रॅमने.

मागच्या रब्बीत नामदेवची बायको गेली. आपल्याकडे रीत आहे की दुखवट्याच्या घराचं वावर बाकीचे भागीदार सांभाळतात, त्याला कुणी सांगावं लागत नाही. काशीराम भावाच्या दारात गेला नाही, मयतीलाही लांब उभा राहिला. पण तेरा दिवस आपल्या पाळीतलं पाणी त्याने नामदेवच्या गव्हाला सोडलं. घरातही बोलला नाही. आणि आपला प्रोग्रॅम आपल्या अकलेने चालत राहिला. काशीरामची पाळी वापरली गेली. नामदेवच्या पाळीत मोटर चालू झाली नाही, म्हणजे त्याचे तास वाया गेले, म्हणजे ते पुढे जमा. तेराव्यानंतर फोनवर काय आलं? नामदेवचे तास भरमसाट शिल्लक, आणि काशीरामकडे देणं. ऐन फुलोऱ्यात काशीरामच्या हरभऱ्याला पाणी नाही.

काशीरामचा मुलगा सोपान, दोन लेकरांचा बाप, फोन घेऊन आपल्याकडे आला होता. "बाप पाणी बी देते अन् वरून देणं बी लागते, हे कोणतं गणित हाय?" असं त्याने मला विचारलं. मग त्याने चुलत्याकडे तास परत मागितले. नामदेव म्हणाला, मी पाणी मागायला आलो नव्हतो. मुके भाऊ ओरडायला लागले. आपण दोघं आणि वसीम तिथे गेलो, आकडे हाताने सरळ केले आणि परत आलो.

त्यानंतरच आपला वाद सुरू झाला, आणि तो संपला नाही.

माझं म्हणणं साधं होतं. ही रीत सगळ्या विहिरींवर आहे, तर हिशोबातही तिला जागा हवी. 'दुखवट्याची पाळी' असं एक बटण ठेवू. एका घरात मयत झाली की बाकीच्यांना फोनवर कळेल, ते आपले तास देतील, दिलेले तास वेगळे लागतील, कुणाच्या अंगावर देणं चढणार नाही. माझ्या सांगण्यावरून प्रणिताने ते लिहिलं. वसीमने तपासलं. तुझ्याकडे आलं आणि थांबलं.

मेहकरच्या स्टँडवर, त्या कोपऱ्यातल्या हॉटेलात, तू मला कारण सांगितलंस. त्या दिवशी तू चिडला नव्हतास. चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

"उद्या कोणी मेलं की मोबाईल वाजन. 'आता तुमची द्याची पाळी.' मंग काशीराम काय देऊन राह्यला, सांग बरं? ते तं वसुली झाली."

मी म्हणालो, "अन् न लिहिल्यानं सोपान बापाच्या चांगुलपणाची वसुली मागत होता, ते चालते?"

"ते माणसाईनं निपटावं. समदंच आपून नाही निपटू शकत."

"निपटत नाही म्हणून तं हा प्रोग्रॅम लिहिला तू."

तू बशीत चहा ओतलास आणि थंड होऊ दिलास. मग म्हणालास, "बाळू, तुह्या हिशोबात सगळं बसते. माणूस मेल्यावर जे करतेत ते बी बसलं, तं मंग बाहेर काय राहीन?"

मला वाटतं याला माझ्याकडे उत्तर होतं. माझी बस लागली होती म्हणून मी उठलो. मी एवढंच म्हणालो की लेखी नकार दे किंवा लेखी होकार दे, अधांतरी ठेवू नको. त्या संध्याकाळी तू पानावर ते दोन शब्द लिहिलेस. नंतर आपण भेटलो, विहिरीवर, लग्नात, बँकेत, दर आठवड्याला. हा विषय दोघांनी टाळला. मला घाई नव्हती. तू विचार करतोयस हे मला माहीत होतं, आणि तू विचार करायला लागलास की शेवटी मला पटेल असंच काहीतरी घेऊन येतोस, असा अनुभव होता.

मग तू गेलास. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. कसं झालं, कुठे झालं, किती वाजता, हे तेव्हापासून मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की ते दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं तोंडून निघतं.

तो आठवडा मदतीच्या फोनची पाळी तुझी होती. मला ते सुचलंही नाही. स्मशानातून परत आल्यावर तुझ्या फोनकडे बघितलं, तर तो वाजत नव्हता. वसीमने फोन केव्हाच स्वतःकडे वळवून घेतले होते. दुकान चालवत, गिऱ्हाइकांच्या मोटारी गुंडाळत तो लोकांना उत्तरं देत होता. कुणी तुझी चौकशी केली की तो म्हणायचा, "सर बाहेर गेले, मले सांगा." बैठकीला आला तेव्हा मी त्याला म्हणालो की पुढच्या महिन्यातली त्याची पाळी मी घेतो, म्हणजे बरोबर होईल. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

आणि विहीर. दुसऱ्याच दिवशी मी गेलो. तुझा गहू पहिल्या पाण्यावर आला होता, उशीर चालणार नव्हता. मोटर सुरू केली, तुझ्या वावराकडे पाटाचं दार फोडलं, आणि सवयीने फोन काढला. फोनने विचारलं: पाळी कुणाची? खाली दोन नावं. एक माझं, एक तुझं. माझं दाबलं तर पाणी माझ्या वावरात गेलं असं लागणार, आणि ते खोटं. तुझं दाबलं तर तुझ्या बोटाने मोटर सुरू झाली असं लागणार. मी फोन खिशात ठेवला. माझ्या हिशोबात पहिल्यांदा एक पाळी रिकामी राहिली. पुढच्याही राहिल्या.

आता त्या मंगळवारच्या बैठकीकडे येतो. तू गेल्यावर बदल मान्य करायचा अधिकार माझ्याकडे आला. तूच तो दोन वर्षांपूर्वी मला देऊन ठेवला होतास. मी म्हणालो होतो की मला कोड येत नाही, प्रणिताला दे. तू म्हणाला होतास, "येत नाही म्हणूनच. तू घाई करत नाहीस." तर पडवीत बसलेला मी, हातात फोन, समोर प्रणिताने लिहिलेलं आणि वसीमने तपासलेलं काम, आणि खाली एकच शब्द: मान्य. तो दाबला की आठ महिन्यांचा वाद संपत होता. माझ्या बाजूने. मेलेल्या माणसाशी वाद जिंकण्याइतकं सोपं काही नाही. तो उठून चहा ओतत नाही.

मी विचारलं, काय करायचं. वसीम म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. प्रणिता म्हणाली, विलासकाकांचा नकार लेखी नाही, पण होकारही नाही, मी माझं काम परत घेऊ का? मी म्हणालो, थांब.

तेव्हा दारातून शोभावहिनी बोलल्या.

"भाऊजी, तुमचं हे भांडण मी उन्हाळ्यापासून आयकून राह्यली. हे बी घरी येऊन तेच बोलत. तुमी दोघंही देणाऱ्याचंच बोलता. त्यानं द्यावं का, त्याच्या अंगावर चढते का. ज्याच्या घरी मयत झाली, त्याले कोणी विचारलं?"

वहिनी उंबऱ्यापर्यंत पुढे आल्या.

"तेरा दिवस माह्या गव्हाले पाणी कोणी देलं, मले माहीत हाय. गच्चीवरून विहीर दिसते. पण ते कुठीच लिहेल नाही. उद्या मी कोणाले सांगू, कसं सांगू? मोबाईलनं कोणाले द्याले लावू नोका, ते ह्यायचंच खरं हाय. पण मले लिहाचं हाय. मले लिहू द्या."

विलास, तुझ्या घरात ही बाई इतकी वर्षं होती आणि आपण हॉटेलात बसून बोलत होतो.

प्रणिताला समजायला क्षणही लागला नाही. तिने विचारलं, म्हणजे देणाऱ्याच्या फोनवर बटणच नाही, ज्याला मिळालं फक्त त्याच्या फोनवर? वहिनी म्हणाल्या, हाव. तिने तीन दिवसांत नवीन लिहिलं आणि ते जुन्यापेक्षा लहान निघालं. दुखवट्यात मिळालेलं पाणी फक्त ज्याच्या घरी मयत झाली तोच लिहू शकतो. त्याला वाटेल तेव्हा, वाटलं तर. ते लिहिलं की देणाऱ्याच्या अंगावरचं देणं उतरतं आणि घेणाऱ्याची वाढलेली शिल्लकही. कुणालाही निरोप जात नाही, कुणाला आठवण केली जात नाही. देणाऱ्याला लिहिता येत नाही, मागता येत नाही, आणि लिहिलेलं बदलताही येत नाही.

तू विचारलं असतंस: अन् घेणाऱ्यानं लिहिलंच नाही तं? मी त्यावर बराच विचार केला. नाही लिहिलं तर गेलं. काशीरामने भावाच्या गव्हाला पाणी सोडलं तेव्हा ते गेलंच म्हणून सोडलं होतं. तुला हवं होतं ते बाहेर उरलेलं, ते एवढंच असेल का, हे मला माहीत नाही. तू सांगितलं असतंस तर मी मान्य केलं असतं किंवा आणखी आठ महिने भांडलो असतो. दोन्ही चाललं असतं.

नियम म्हणजे नियम, म्हणून बदल भांडणाच्या विहिरीवर लावला. महिना थांबण्याची गरज पडली नाही. मी आणि वसीम नामदेवकडे गेलो, त्याला दाखवलं, म्हणालो की मागच्या वर्षीचंही लिहिता येतं. तो वावरात खुरपत होता. मान वर न करता म्हणाला, "मी काऊन लिहू? पाणी माह्या गव्हानं पेलं. गव्हाले विचारा."

मग काशीरामकडे. त्याने आधी विचारलं, विलास सर का नाही आले. वसीमने सांगितलं. काशीरामने डोक्यावरचा रुमाल काढला, मांडीवर घेतला, घड्या घातल्या. मग भावाचं नाव न घेता म्हणाला, "तेनं लिहेलं का?" आम्ही म्हणालो, नाही. "हात मोडले का तेचे?" म्हणाला. "दोन आकडे लिहाले काय जाते?"

परतताना वसीम गाडीवर मागे बसला होता. मेहकरचं वळण आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर थाप दिली. "भाऊ, दोघं बी कुरकुरले." मला हसू आलं, आणि मग गाडी बाजूला लावावी लागली. वसीम उतरून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, पाठ करून. समजदार माणूस आहे.

नवीन बदल मी मान्य केला. नोंद अशी आहे: लिहिलं, प्रणिता. तपासलं, वसीम. कल्पना, शोभा. आणि नियमात नसलेली एक ओळ मी घातली: हरकत, विलास, उत्तर बाकी. प्रणिताने विचारलं की जुनं पान आता बंद करायचं ना, त्याचं काम उरलं नाही. मी नाही म्हणालो. ते उघडंच आहे, तुझे दोन शब्द खाली आहेत. नवा कुणी आला आणि त्याला यावर काही सुचलं तर तिथे लिहावं. मलाही सुचलं तर मी लिहीन.

तुझं बाकीचं काम चाललं आहे. मदतीच्या फोनवर परवा एका माणसाने मला अर्धा तास धारेवर धरलं, कारण त्याच्या मेव्हण्याला त्याच्यापेक्षा पावणेदोन मिनिटं जास्त मिळाली होती. मी तपासलं. त्याचं बरोबर होतं, चूक आपली होती. तुझ्या जुन्या ओळींपैकी एक. प्रणिताने ती काढली. ती म्हणाली की काकांच्या ओळी काढायला हात वळत नाही. मी तिला सांगितलं की तू स्वतः त्या दर वर्षी अर्ध्या काढायचास.

विहिरीचा हिशोब राहिला. तेराव्यानंतरच्या आठवड्यांत पाळ्या आपापल्या चालल्या, तुझ्या पाळीला शोभावहिनी मोटर लावतात. दुखवट्याचं त्यांनी काल लिहिलं. मला न विचारता, घरी बसून. मला ते हिशोब उघडल्यावर दिसलं: एकोणीस तास.

माझ्या मते सतरा होतात. मी मनात ठेवले होते, कागदावर नाही, पण माझे मनातले आकडे चुकत नाहीत. बराच वेळ जुळवून बघितलं तेव्हा लक्षात आलं. चौथ्या दिवशी दुपारी लाईट गेली होती. मोटर दोन तास बंद होती, आणि मी घरी न जाता बांधावर बसून राहिलो होतो. पाणी वाहत नव्हतं, करण्यासारखं काही नव्हतं, तुझ्या गव्हाकडे तोंड करून नुसता बसलो होतो. आपल्या प्रोग्रॅममध्ये लाईट नसलेले तास पाण्यात धरत नाहीत, हे वहिनींना तुझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी गच्चीवरून दिसलेले ते दोन तास त्यांनी धरले.

मी दुरुस्ती सुचवायला फोन उचलला आणि ठेवला. देणाऱ्याला बोलता येत नाही, असं आता ठरलेलं आहे.

दिलं: एकोणीस तास. मिळालं: शोभावहिनींना.